घरी बर्न केलेली ऑडिओ सीडी खराब वाजते? दोष असा शोधा

सीडी खराब वाजली की राग कोऱ्या चकतीवर निघतो. मग महागडी चकती आणली जाते आणि तीही तशीच वाजते, कारण बहुतेक वेळा चकतीचा त्यात काही संबंधच नसतो. खर्च करण्याआधी नेमके काय ऐकू येते आहे ते ठरवून घ्या.

आवाज घुसमटलेला, चिरका, फाटलेला किंवा पाण्याखालून आल्यासारखा असेल, मागे गुणगुण येत असेल, तर बिघाड बर्न करण्याआधीच फाइलमध्ये होता. लेझर चकतीवर आकडे लिहितो. त्याला तार सप्तकाची धार बोथट करता येत नाही. चकतीचा किंवा बर्निंगचा दोष वेगळा कळतो: टिकटिक होते, चरचर येते, आवाज क्षणभर गप्प होतो, गाणे पुढे उडी मारते किंवा एकाच जागी अडकते.

खात्रीसाठी एकाच हेडफोनवर आधी संगणकातली मूळ फाइल ऐका, मग तीच बर्न केलेली सीडी त्याच संगणकात लावून ऐका. त्यानंतर ती सीडी ज्या प्लेअरवर खराब वाजते तिथे लावा आणि शेवटी त्याच प्लेअरवर दुकानातून विकत घेतलेली छापील सीडी लावा. छापील सीडीही अडखळली, तर प्लेअरची लेन्स मळली आहे किंवा थकली आहे. फाइल आणि सीडी सारख्याच वाईट वाजल्या, तर नवी चकती घेऊन उपयोग नाही, फाइलकडे वळा.

फाइलमधला सर्वांत मोठा चोर म्हणजे एमपी३. ऑडिओ सीडीवर ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, दोन चॅनेल असा आवाज असतो, म्हणजे सेकंदाला सुमारे १४११ किलोबिट. १२८ किलोबिटच्या एमपी३मध्ये त्याचा अकरावा हिस्सा उरतो. बर्न करताना सॉफ्टवेअर ती फाइल पुन्हा फुगवून सीडीच्या मापाची करते, पण गेलेले परत येत नाही. मोबाइलच्या स्पीकरवर हे जाणवत नाही. घरच्या मोठ्या स्पीकरवर झांजा, टाळ आणि सतारीच्या तारांचा झणत्कार पाणचट लागतो. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे कोणत्या उंचीचे सूर किती आहेत ते दाखवणारे चित्र, लावा. १६ किलोहर्ट्झच्या वर सुरीने कापल्यासारखी रिकामी जागा दिसली, तर फाइल केव्हातरी कमी बिटरेटमधून गेलेली आहे, मग तिचे नाव पूर्ण दर्जा राखणाऱ्या वेव्ह किंवा फ्लॅक प्रकाराचे का असेना. अशा वेळी मूळ सीडी किंवा कॅसेट शोधून नव्याने सुरुवात करणे हाच उपाय. इक्वलायझरने वरचे सूर चढवले, तर फक्त खरखर चढते.

मूळ सीडीवरून गाणी उतरवायची असतील, तर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या सॉफ्टवेअरचा सिक्युअर मोड वापरा, जो वाचलेले पुन्हा तपासून घेतो. साध्या पद्धतीत ओरखड्यावर झालेल्या चुका न सांगता फाइलमध्ये उतरतात आणि मग ती टिकटिक प्रत्येक प्रतीत कायमची राहते. १९८०च्या दशकातली एखादी सीडी उतरवल्यावर फारच चिरकी वाटली, तर ती प्री-एम्फसिस लावून काढलेली असू शकते. तेव्हा वरचे सूर मुद्दाम चढवून छापत आणि प्लेअर ते उतरवत असे. प्रत करताना ती खूण गळून पडली, की कोणताही प्लेअर ते उतरवत नाही. बर्न करण्यापूर्वी सॉफ्टवेअरमध्ये डी-एम्फसिस लावून घ्या.

कॅसेटवरून केलेल्या सीडीत तीन-चार दोष हमखास असतात. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात डेकची वायर लावली, तर आवाज फाटतो आणि बहुधा मोनो होतो, कारण ते भोक अगदी क्षीण संदेशासाठी केलेले असते. लाइन-इन असलेले यूएसबी साउंड कार्ड घ्या. विंडोजच्या ध्वनी सेटिंगमधला माइक बूस्ट आणि ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. ध्वनिमुद्रणाची पातळी अशी ठेवा, की सर्वांत जोरकस जागा उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील. बंदिशीची संथ सुरुवात पाहून पातळी लावली, की द्रुतमधल्या तानेला आवाज फाटतो. म्हणून आधी शेवटची पाच मिनिटे वाजवून पाहा. एकदा शून्यावर, म्हणजे कमाल मर्यादेवर, आपटलेला आवाज नंतर कमी केला तरी फाटलेलाच राहतो.

घुसमटीसाठी आधी डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीने पुसा. तरीही वरचे सूर दबलेले असतील, तर हेडचा तिरपेपणा म्हणजे ॲझिमथ जुळत नाही. हेडशेजारच्या स्प्रिंग असलेल्या स्क्रूला, गाणे चालू ठेवून, अगदी थोडा पीळ द्या आणि आवाज सर्वांत झळझळीत लागेल तिथे थांबा. हे दोन्ही चॅनेल एकत्र करून, मोनोमध्ये ऐकत करा. त्यात फरक चटकन कळतो. दुसऱ्या डेकवर मुद्रित केलेल्या प्रत्येक कॅसेटसाठी हे पुन्हा करावे लागते. कंटाळवाणे आहे, पण नॉइज रिडक्शनच्या शंभर प्रयोगांपेक्षा याने जास्त फरक पडतो. डॉल्बी बी ही खरखर कमी करणारी सोय न लावता मुद्रित केलेली कॅसेट डॉल्बीचे बटण दाबून वाजवली, तरी अशीच घुसमट होते, तेही तपासा.

मागची गुणगुण बहुधा ५० हर्ट्झच्या घरगुती विजेची आणि तिच्या १००, १५० अशा पटींची असते. मुद्रण होईपर्यंत लॅपटॉपचा चार्जर काढा, डेक आणि संगणक एकाच बोर्डावर लावा, तबकडीच्या प्लेअरची अर्थची तार प्रीअँपच्या अर्थच्या स्क्रूला जोडा. ही गुणगुण नंतर सॉफ्टवेअरने काढायला गेलात, तर तिच्यासोबत डग्ग्याची घुमकही जाते.

व्हिडिओ आणि मोबाइलमधला आवाज बऱ्याचदा ४८ किलोहर्ट्झचा असतो. तो नीट रूपांतरित न होता सीडीवर गेला, तर पांढरी एकमधले गाणे पांढरी सातच्याही खाली उतरते आणि तासाभराचे मुद्रण पाच मिनिटांनी लांबते. ऑडॅसिटीत प्रोजेक्ट रेट ४४१०० ठेवा, १६ बिट पीसीएम वेव्ह म्हणून एक्स्पोर्ट करा आणि तीच फाइल बर्न करा.

एक गाणे कुजबुजते आणि दुसरे अंगावर येते, ही तक्रार पीक नॉर्मलाइज करून सुटत नाही. दोन्हींचे शिखर एका उंचीवर आले, तरी कानाला जाणवणारा जोर वेगळाच राहतो. कानाला जाणवणारा जोर मोजणाऱ्या रिप्लेगेन पद्धतीवर आधारित पातळी लावा आणि जोरात वाजणारी गाणी खाली आणा. हळू वाजणारी वर ओढू नका. एकसंध मैफल किंवा कीर्तन असेल, तर बर्निंग सॉफ्टवेअरचे पातळी समान करण्याचे बटण बंदच ठेवा. विलंबित आणि द्रुत एकाच जोराने वाजू लागले, तर गाण्याचा जीवच जातो.

आता टिकटिक. ती फक्त दोन ट्रॅकच्या सांध्यावर येत असेल, तर चकतीला दोष देऊ नका. सीडीवर सेकंदाचे ७५ भाग असतात, प्रत्येक भागात ५८८ नमुने. सलग मुद्रण याच्या मधेच कापले, तर उरलेली जागा शून्यांनी भरली जाते आणि तिथे टिक वाजते. ऑडॅसिटीत वेळेचे स्वरूप सीडीडीए फ्रेम्सवर ठेवून स्नॅप चालू करा आणि मगच कापा. बर्न करताना ट्रॅक-ॲट-वन्स टाळून, सगळी चकती एका दमात लिहिणारे डिस्क-ॲट-वन्स निवडा, गाण्यांमधले अंतर शून्य करा. ट्रॅक-ॲट-वन्समध्ये प्रत्येक गाण्यानंतर लेझर थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. तो जोड काही प्लेअरवर ऐकू येतो.

टिकटिक गाण्यात कुठेही येत असेल आणि मूळ फाइलमध्ये ती नसेल, तर बर्न कच्चे झाले आहे. ऑडिओ सीडीला डेटा सीडीसारखे चुका दुरुस्त करणारे जादा कवच नसते. छोट्या चुका प्लेअर पूर्ण भरून काढतो, त्याहून मोठ्या अंदाजाने झाकतो आणि तेही जमले नाही की चरचर किंवा शांतता येते. वेग १६एक्स, म्हणजे सीडी वाजण्याच्या वेगाच्या सोळा पट, ठेवून पुन्हा बर्न करा. सर्वांत हळू तेच सर्वांत चांगले, ही समजूत जुन्या चकत्यांच्या काळातली. ५२एक्सच्या चकतीचा रंगथर, ज्यावर लेझर लिहितो, तो जलद लेखनासाठी बनवलेला असतो, त्यामुळे ४एक्सवर ती कधी कधी जास्तच बिघडते. १६ जमले नाही तर २४ करून पाहा.

फक्त शेवटची दोन-तीन गाणी अडखळत असतील, तर चकती कडेला खराब आहे. सीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि कडेचा रंगथर असमान असणे हा स्वस्त चकत्यांचा नेहमीचा रोग. ८० मिनिटांची चकती असली तरी ७४ मिनिटांपर्यंतच भरा. जुन्या प्लेअरसाठी आणि गाडीसाठी एकदाच लिहिता येणारी सीडी-आरच घ्या, पुन्हा पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू नको. सीडी-आरडब्ल्यू छापील सीडीच्या मानाने फारच कमी प्रकाश परत पाठवते. आणि बर्न झाल्यावर डिस्क फायनलाइज, म्हणजे लेखन पूर्ण करून बंद, झाली का ते पाहा, नाहीतर संगणकात वाजणारी सीडी म्युझिक सिस्टिममध्ये ओळखलीच जात नाही.

कागदी लेबल चिकटवू नका. ते जरा तिरपे बसले तरी फिरताना चकती डगमगते, आणि दमट हवेत फुगून सोलले गेले तर खालचा चंदेरी थरही उचकटते. तो थर लेबलच्या बाजूलाच, लाखेच्या पातळ लेपाखाली असतो. म्हणून वरच्या बाजूचा ओरखडा खालच्या बाजूच्या ओरखड्यापेक्षा जास्त घातक. नाव लिहायचे तर सीडीसाठीच्या पाण्यावर आधारित पेनाने, तेही मधल्या पारदर्शक कड्यावर. पुसताना मऊ सुती कापड मधून कडेकडे सरळ रेषेत फिरवा, गोल गोल नाही.