सायकल चालवताना घड्याळ हृदयाचे ठोके चुकीचे दाखवतंय? या चुका टाळा

सिंहगडाच्या चढावर धाप लागलेली असते, तोंडातून शब्द फुटत नाही आणि मनगटावरचं घड्याळ ११० वर निवांत बसलेलं असतं. कधी याच्या उलट, सपाट रस्त्यावर गप्पा मारत चाललेलो असतो आणि आकडा १८०. असं झालं की बरेच जण नवं, महागडं घड्याळ शोधायला लागतात. त्याआधी हातातलंच घड्याळ नीट बांधून बघा.

घड्याळाच्या पाठीवरचे हिरवे दिवे त्वचेत प्रकाश सोडतात. प्रत्येक ठोक्याला तिथल्या बारीक वाहिन्यांमधलं रक्त वाढतं आणि जास्त प्रकाश शोषला जातो. परत येणाऱ्या प्रकाशातल्या या चढउतारावरून ठोके मोजले जातात. चढउतार अगदी लहान असतो, त्यामुळे घड्याळ जरा सरकलं किंवा फटीतून ऊन आत शिरलं की तो हरवतो. सायकलवर हँडल धरलं की मनगट वाकतं, स्नायू ताणले जातात, घड्याळाची एक कड उचलली जाते आणि वरून खड्ड्यांचे हादरे बसतात. घरी बसल्या बसल्या बरोबर आकडा देणारं घड्याळ इथे गडबडतं ते यामुळेच.

म्हणून मनगटाच्या हाडावर घड्याळ बांधू नका. हाडापासून दोन बोटं वर, कोपराच्या दिशेला सरकवा आणि पट्टा रोजच्यापेक्षा एक भोक घट्ट करा. घड्याळ बोटाने ढकलून बघा. त्याच्याबरोबर खालची कातडीही सरकली तर ठीक, घड्याळ एकटंच घसरलं तर अजून सैल आहे. बोटांना मुंग्या येण्याइतकं मात्र आवळू नका. ग्लोव्हजचा पट्टा घड्याळाला टेकत नाही ना, तेही बघा. गडद टॅटूवर सेन्सर आला तर हात बदला.

डिसेंबरच्या पहाटे पुण्याबाहेर पडलात तर सुरुवातीचे आकडे फारसे मनावर घेऊ नका. थंडीत हातातल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि सेन्सरला पुरेसं रक्तच दिसत नाही. लांब बाह्या घाला, घरातच थोडं अंग गरम करून निघा.

पेडलच्या फेऱ्यांनाच ठोके समजण्याची चूकही घड्याळ करतं, विशेषतः उभं राहून चढ मारताना. शंका आली तर गिअर बदलून पेडलचा वेग एकदम कमी करा. ठोक्यांचा आकडाही त्याच क्षणी तेवढाच घसरला, तर तो हृदयाचा नाही. हृदयाला खाली यायला वेळ लागतो.

आणखी एक साधी गोष्ट राहून जाते: घड्याळात ‘सायकलिंग’ सुरू करणं. ते केलं नाही तर बरीच घड्याळं ठोके सलग न मोजता अधूनमधून मोजतात.

इंटरव्हल, म्हणजे थोडा वेळ जोरात आणि थोडा वेळ हळू असा आलटून पालटून सराव, करत असाल तर माझं मत स्पष्ट आहे, छातीचा पट्टा घ्या. तो हृदयाचे विद्युत संकेत थेट टिपतो. पण तोही कोरडा बांधला तर सुरुवातीलाच २०० च्या वर उड्या मारतो. कोरड्या हवेत फडफडणारी जर्सी स्थिर वीज तयार करते, तिचाही त्याला त्रास होतो. आतल्या बाजूचे दोन्ही रबरी पट्टे नळाखाली ओले करा, छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, श्वास घेताना सरकणार नाही असा बांधा. घरी आल्यावर सेन्सर काढून पट्टा साध्या पाण्यात धुवा. सेन्सर पट्ट्यालाच लावून ठेवला तर ओलसर पट्ट्यावर तो चालू राहू शकतो आणि सेल उतरतो. मध्येच आकडा गायब व्हायला लागला की आधी सेल बदलून बघा. पट्टा सहन होत नसेल तर दंडाला बांधायचा सेन्सर मनगटापेक्षा बरा. दंड मनगटासारखा वाकत नाही आणि तिथे मांसही जास्त असतं.

पडताळणी सोपी आहे. सायकल सुरक्षित जागी थांबवा, मानेवर एका बाजूला दोन बोटं ठेवून लगेच १५ सेकंद ठोके मोजा आणि ४ ने गुणा. लगेच अशासाठी, की थांबल्यावर ठोके भराभर उतरतात.

सेन्सर बरोबर असूनही झोन, म्हणजे कमाल ठोक्यांवरून पाडलेले मेहनतीचे टप्पे, चुकू शकतात. कमाल ठोक्यांसाठी वापरलं जाणारं ‘२२० वजा वय’ हा सरासरीचा अंदाज आहे, एखाद्याचे कमाल ठोके त्याहून १०-१२ ने सहज वेगळे असतात. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर गटातली औषधं घेत असाल तर ठोके मुळातच कमी राहतात, तेव्हा झोन डॉक्टरांना विचारूनच ठरवा. आणि छातीत दुखलं, चक्कर आली किंवा हाताला नाडी अनियमित लागली, तर घड्याळ काहीही सांगो, तिथेच थांबा आणि डॉक्टरांना गाठा.