ऑनलाइन लेक्चर घेण्याआधीची तयारी

सत्र सुरू व्हायच्या आठवडाभर आधी पीपीटी उघडू नका, आधी मुलांची माहिती गोळा करा. साधा गूगल फॉर्म पुरतो. फोन स्वतःचा आहे की भावंडांत वाटून वापरता, रोजचा डेटा किती, रेंज कोणत्या वेळेला बरी असते, बसायला शांत जागा मिळते का, एवढंच विचारा. तासाभराच्या व्हिडिओला एक जीबीच्या आसपास डेटा सहज जातो. रोजच्या दीड-दोन जीबीच्या पॅकवर असलेला मुलगा तिसऱ्या लेक्चरला दिसत नाही आणि आपण त्याला आळशी ठरवून मोकळे होतो. म्हणून कॅमेऱ्याची सक्ती नको, आणि लागोपाठ तीन तास लावू नयेत हे वेळापत्रक ठरतानाच विभागात मांडा.

मग अभ्यासक्रमाचे दोन भाग करा. व्याख्या, पार्श्वभूमी, सूत्राची ओळख असं जे नुसतं ऐकून कळतं ते छोट्या व्हिडिओत रेकॉर्ड करा, आणि जिथे मुलं हमखास अडतात तेवढंच थेट तासासाठी राखा. व्हिडिओ छोटेच हवेत. एडएक्स या ऑनलाइन कोर्सेसच्या वेबसाइटवरच्या चार कोर्सेसमध्ये ६९ लाख वेळा व्हिडिओ पाहिले गेले, त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. व्हिडिओ कितीही लांब असला तरी बघणं साधारण ६ मिनिटांच्या आतच आटोपतं, असं त्यात दिसलं. आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरियल’, म्हणजे सॉफ्टवेअर शिकवणारे व्हिडिओ, मुद्दाम बघून ठेवा. दहा-एक मिनिटांचे आहेत, बरेचसे मराठीतही आहेत, आणि मुलाने व्हिडिओ थांबवत थांबवत तेच स्वतःच्या कॉम्प्युटरवर करत जावं अशी त्यांची रचना आहे.

आता थेट तासाचं टिपण. माझ्या मते खरी तयारी इथेच आहे आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. पानाच्या डाव्या बाजूला मी काय बोलणार ते लिहितो, उजव्या बाजूला त्या वेळी मुलं काय करणार ते. उजवी बाजू दहा मिनिटं कोरी राहिली तर टिपण पुन्हा लिहायला घ्यायचं. ‘समजलं का?’ हा प्रश्न उजव्या बाजूला धरायचा नाही, कारण त्याला ‘हो सर’ याखेरीज उत्तर येत नाही.

एफवायच्या अर्थशास्त्रातली मागणीची लवचिकता घ्या, म्हणजे मागणीतला टक्केवारी बदल भागिले भावातला टक्केवारी बदल. कांद्याचा भाव किलोला २० रुपयांवरून ३० झाला, घरात महिन्याला ५ किलो लागायचा तिथे आता ४ किलो आणतात. लवचिकता काढा. सगळ्यांनी उत्तर चॅटमध्ये टाइप करून ठेवायचं, पण मी सांगेपर्यंत पाठवायचं नाही. दोन मिनिटं पूर्ण द्या, मध्ये बोलू नका. मग एकदम ‘पाठवा’ म्हणा. हुशार मुलाचं उत्तर बघून बाकीच्यांनी उतरवण्याची सोयच राहत नाही. चॅटमध्ये बहुधा दोन उत्तरं दिसतील, ०.४ आणि २.५. मागणी २० टक्के घटली, भाव ५० टक्के चढला, म्हणजे २० भागिले ५०. ज्यांनी भागाकार उलटा केला त्यांचं २.५ आलं. बरोबर उत्तर लगेच सांगू नका. २.५ खरं असतं तर कांदा महागल्यावर त्या घरात किती किलो आला असता, ते मोजायला लावा. मागणी सव्वाशे टक्के घटायला हवी, म्हणजे पाच किलोतून सव्वासहा किलो वजा! हे मुलांच्याच लक्षात येतं, आणि मग लवचिकता १ पेक्षा कमी म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. असा एक प्रश्न प्रत्येक तासाला हवा. चुकीचं उत्तर काय येईल ते आधीच टिपणात लिहून ठेवा.

टाइप करायला जड जाणाऱ्यांना वहीच्या पानाचा फोटो पाठवू द्या. मराठी, इंग्रजी, रोमन लिपीतलं मराठी, काहीही चालेल हे पहिल्याच दिवशी सांगा.

साहित्याचं थोडक्यात. उजेड समोरून यावा, इअरफोनचा माइक वापरावा, दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार असावा. झूमचं फुकट खातं ४० मिनिटांनी बंद होतं, त्याप्रमाणे तास आखा. दुसऱ्या फोनवरून विद्यार्थी म्हणून लॉगिन करून आपलीच स्लाइड बघा; सहा इंची पडद्यावर वाचता येत नसेल तर अक्षर मोठं करा. आलेखाला स्लाइडपेक्षा कोरा कागद, जाड मार्कर आणि वर उलटा धरलेला फोन बरा. रेषा कशी निघते ते मुलांना दिसतं.

आणि एक यादी रोजची: आज चॅटमध्ये ज्यांचं काहीच आलं नाही त्यांच्या नावांची. सलग दोन तास एकच नाव आलं की त्याच संध्याकाळी फोन करा. हजेरीचा विषय काढू नका. कुठल्या भागापासून सुटलं ते विचारा आणि तेवढाच व्हिडिओ पाठवा. यादीत पालकांचा नंबर असला तरी फोन आधी मुलालाच करा.