खाडीवर गळ टाकायला निघालात? या चुका टाळा

बडोद्यात मासे खाणारी मराठी घरं भरपूर, धरणारी मोजकीच. हल्ली मात्र दांडिया बाजारापासून मांजलपूरपर्यंत कुणाच्या ना कुणाच्या घरी रॉड दिसायला लागलाय. रविवारी सकाळी मंडळी निवांत शेवउसळ खाऊन निघतात, पादरा-जंबुसर करत खंबातच्या आखातावरच्या कावी-कंबोईला भर दुपारी पोचतात आणि रात्री मला फोन करतात. "काका, तिथे मासेच नाहीत!" मासे आहेत. तुमची वेळ आणि जागा दोन्ही चुकतात.

वेळेची चूक मी स्वतः केली आहे, म्हणून ती आधी सांगतो.

आमचे आजोबा अलिबागकडचे. गळाला ते गरी म्हणत आणि भरतीची वेळ तोंडी काढत. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पाणी भरलेलं. मुंबई-अलिबागच्या किनाऱ्यावर हा हिशेब आजही बऱ्यापैकी जुळतो. मी तो बडोद्याला घेऊन आलो आणि थेट मही नदीच्या मुखाशी वापरला.

वद्य द्वितीया होती. दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती संपेल, अडीचला पोचलो की उतरतं पाणी मिळेल, असा बेत. पोचलो तर समोर लांबच लांब चिखल उघडा. तासाभरात पाणी एवढं लांब गेलं कसं, हा प्रश्न तेव्हाच पडायला हवा होता. पडला नाही, कारण आजोबांचा हिशेब चुकणं शक्यच नव्हतं! चपला हातात घेऊन दोनेकशे पावलं आत गेलो, एका कडक पट्ट्यावर दोन रॉड रोवले, थर्मासमधला चहा ओतला.

खंबातच्या आखातात भरती मुंबईनंतर कित्येक तासांनी पोचते. मी ज्याला ओहोटी समजत होतो ती चढती भरती होती, तीही उधाणाची. पाणी समोरून लाट होऊन येईल अशी आपली समजूत असते. इथे ते आधी मागून येतं. काठ आणि तुमच्यामधली जी खोलगट नाळ येताना घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेली असते, ती पहिल्यांदा भरते. मी समोर बघत बसलो होतो. काठावरून एक मच्छीमार ओरडला, "काका, पाणी आव्युं, पाछा वळो!" वळून पाहिलं तर नाळेत पाणी नुसतं धावत होतं. कमरेएवढ्या पाण्यातून त्याने टाकलेल्या दोराला धरून बाहेर आलो. रॉड, पिशवी, थर्मास तिथेच राहिलं. त्याने मला चहा पाजला आणि माझ्या तिथीच्या हिशेबावर मनसोक्त हसून घेतलं.

हे आखात वर निमुळतं होत जातं, म्हणून आत शिरलेलं पाणी दाबून चढतं. भावनगरच्या बाजूला उधाणाला भरती-ओहोटीतला फरक 10 मीटरच्या वर जातो. कंबोईचं स्तंभेश्वराचं देऊळ दिवसातून दोनदा पाण्याखाली जातं ते उगाच नाही. अशा ठिकाणी अंदाजाने उतरायचं नसतं.

आता सगळ्यांच्या मोबाईलवर भरतीचं ॲप असतं, त्यामुळे चूकही नव्या तऱ्हेने होते. ॲप उघडतात आणि बंदर मुंबईच ठेवतात. जवळचं बंदर निवडा, आणि तेही तुमच्या खाडीच्या तोंडाशी पुढे-मागे होतं हे धरून चाला. मी पोचल्या पोचल्या पाण्याच्या कडेला एक काडी रोवतो आणि दहा मिनिटं काहीही करत नाही. काडी बुडायला लागली की पाणी चढतंय, कोरडी पडली की उतरतंय. माझ्याबरोबर आलेल्या नवशिक्यांना ही दहा मिनिटं सोसत नाहीत. दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात, म्हणजे वेळ रोज 50 मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. मागच्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही, हेही दर वेळी सांगावं लागतं.

आणि पौर्णिमा-अमावास्येला जाऊ नका. त्यानंतरचे एक-दोन दिवसही नको. चांदणं छान असतं, कबूल, पण ओढ इतकी असते की दोरीला वजनासाठी बांधलेलं जड शिसंसुद्धा तळाला टिकत नाही. अष्टमी ते दशमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हा, पाणी शहाण्यासारखं वागतं. सुट्टी त्या दिवशी नसेल तर घरी बसा.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे लांब फेकणं. माझ्या भाच्याने बारा फुटी रॉड घेतला, व्हिडिओ बघून फेकायला शिकला आणि दिवसभर "मामा, ऐंशी मीटर!" करत राहिला. चार वेळा दोरी तुटली, एकही मासा लागला नाही. मी काही बोललो नाही. ओहोटी लागेपर्यंत थांबवून ठेवलं आणि पाणी उतरल्यावर दाखवलं. खोल नाळ काठापासून जेमतेम पंधरा पावलांवर होती. त्याची चारही शिसं नाळेच्या पलीकडे, चिखलाच्या उंचवट्यावर रुतलेली. भर पाण्यात तिथे गुडघाभरच पाणी असणार. चढत्या पाण्याबरोबर शिंगाळा आणि बोई नाळेच्या कडेकडेने, काठाला चाटत आत येतात. हा दिवसभर त्यांच्या डोक्यावरून पलीकडे फेकत होता.

म्हणून नव्या खाडीवर पहिली फेरी मी रॉड न घेता करतो, ओहोटीला. वहीत नाळ कुठून वळते, खडक कुठे, जुनी जाळी कुठे अडकलीत, हे काढून ठेवतो. भाच्याला ही कल्पना फार कंटाळवाणी वाटली. त्याने त्याऐवजी आणखी एक रॉड घेतला.

आमिषाचं थोडक्यात. आखाताचं पाणी बारा महिने गढूळ, तेव्हा चकचकीत धातूचे मासे ओढून उपयोग नाही, खऱ्या माशाला ते दिसतच नाहीत. त्याला वास लागतो. सोललेले गोठवलेले झिंगे पहिल्याच फेकीत गळून पडतात. सालासकट ताजे घ्या, शेपटीकडून ओवा, वरून शिवणाच्या दोऱ्याचे चार वेढे द्या.

शिसं मुख्य दोरीपेक्षा बारीक दोरीने बांधा. रुतलं तर तेवढंच जातं, गळ आणि मासा वाचतो.

गळाचा नंबर वाढला की आकार लहान होतो, पण 1/0, 2/0 असं लिहिलेल्या गळांत उलटं. सहा नंबर मोठा समजून आणणारे दर महिन्याला एक तरी भेटतात.

शिंगाळा कधीही मुठीत धरू नका. पाठीवर एक आणि दोन्ही कल्ल्यांमागे एकेक काटा असतो, विषारी. फडक्यात दाबून पक्कडीने गळ काढा. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवा आणि डॉक्टर गाठा. हळद-चुन्याचे प्रयोग नकोत. पाण्यात चालताना पाय उचलून टाकू नका, घासत न्या. वाळूत विषारी काट्याचं पाकट दडलेलं असलं तर ते आधीच सरकतं.

चिखलात पाय रुतला तर जोरात उपसू नका, दुसरा आणखी खोल जातो. मागे रेला, अंगाचा भार पसरा, पाय हलवत सैल करा. गमबूट असतील तर सोडून द्या.

फेकायचा सराव विश्वामित्रीवर नको. तिथल्या मगरी बडोदेकराला सांगायला नकोत.

शेवटचं रॉडवरच्या, दोरी गुंडाळायच्या रीलचं. घरी आल्यावर ते जोराच्या नळाखाली धरू नका, खार आतच ढकलला जातो. गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, तेलाचा थेंब द्या, आणि हे त्याच रात्री. "उद्या बघू" म्हणून ठेवलेली दोन रीलं माझ्या माळ्यावर पडली आहेत. फिरत नाहीत, हवी असतील त्याने घेऊन जावीत.