लूप मेट्रोनोमपासून सरकत होता

फाइलच्या नावात टेम्पो (वेग) न लिहिलेला ड्रम लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवायचा ड्रमचा तुकडा. सॉफ्टवेअर त्याला १८१ बीपीएम (मिनिटाला ठोके) ठरवत होतं. वेग दुप्पट मोजण्याचा हा घोळ नेहमीचाच, म्हणून निम्मं करून ९०.५ टाकलं. तरी लूप मेट्रोनोमच्या ठरलेल्या टिकटिकीपासून सरकतच होता, आणि ते कानाला फार खुपत होतं.

वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) मोठा करून पाहिला. पहिल्या ठोक्याआधी ०.१६५ सेकंदांची शांतता! सॉफ्टवेअर तीही लांबीत धरत होतं. ती कापली, उरले १०.४३५ सेकंद. टाळ्या देत ठोके मोजले: चार-चार ठोक्यांचे चार बार, म्हणजे १६. मग १६ गुणिले ६०, भागिले १०.४३५. उत्तर ९२. हाच आकडा हाताने भरला. आता लूप कितीही वेळ वाजवला तरी मेट्रोनोमला चिकटून राहतो. शेपटीलाही अशी शांतता असू शकते, तीही तपासा.