आंबे बहार डाळिंब: दुपारचं ऊन टाकीत भरा

सोलापूर जिल्हा, एप्रिल-मे (आंबे बहार म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलांवरचं पीक)

पारा ४२ च्या वर गेला की सौरपंपवाल्यांची एक सवय बागेच्या मुळावर येते. सकाळी ठिबक उरकलं, अकराला पंप बंद. खरं ऊन तर तेव्हा चढतं! साठा काहीच नसतो. मग वळवाचं आभाळ दोन दिवस भरून राहिलं की बाग कोरडी, तिसऱ्या दिवशी घाबरून दुप्पट पाणी आणि पुढं फळं तडकलेली. सांगोला-मंगळवेढ्याकडं असे प्लॉट दरसाल बघतो. तडकण्यावर दुकानदार महागडं टॉनिक गळ्यात मारतो. बोरॉन कमी असेल तर बोरिक ॲसिड लिटरला २ ग्रॅम, एवढीच शिफारस. पाण्याची ओढाताण कुठल्याच फवाऱ्यानं भरून निघत नाही.

आता 'बॅटरी बसवा, रात्री पंप चालवा' म्हणणारेही बांधावर येतात. हिशेब त्यांच्यासमोरच करा. १२ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-अवर) बॅटरी म्हणजे १.८ युनिट. लेड-ॲसिड निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर बसते. हातात उरलं ०.९. पाच एचपीचा पंप तासाला पावणेचार युनिट ओढतो. पाव तासही चालणार नाही! वर भरलेल्या चार युनिटांतलं एक वाटेतच जातं. लिथियममधून नव्वद टक्के परत मिळतं, पण किंमत विचारून बघा. उजनी धरणावरचा १२ मेगावॉटचा संच पाणी वर चढवून पुन्हा वीज करण्यासाठीच बांधलेला. या पद्धतीतही साधारण ७० ते ८० टक्केच हाती येते. आपल्याला वीज परत नकोच, पाणी हवंय. म्हणून अकरानंतरही पंप चालू ठेवा आणि पाणी टाकीत किंवा शेततळ्यात साठवा.

१५ बाय १० फुटांवर एकरी २९० झाडं. मे महिन्यात झाडाला ४० लिटर धरा (हा माझा अंदाज, जमीन आणि झाडाचं वय बघून बदला). तीन दिवसांचे झाले एकरी ३५ हजार लिटर. एवढा साठा हवाच.

शेततळं उघडं ठेवू नका. रोज सेंटीमीटरभर पाणी उडतं. २० बाय २० मीटरच्या तळ्यातून ४ हजार लिटर. वर शेडनेट ओढा.

दहा फूट उंचावरच्या टाकीला दाब चौरस सेंटिमीटरला जेमतेम ०.३ किलो, ठिबकला एक किलोच्या आसपास लागतो. म्हणून साठ्यावर एक एचपीची छोटी मोटर लावा. बॅटरीची हौस असेलच तर ती इथं भागवा, तासभर तरी चालेल.

बाकी नेहमीचं:
- पॅनल पहाटे धुणे, तापल्या काचेवर पाणी नको
- फिल्टर, लॅटरल (ठिबकच्या नळ्या) पाणी सोडून धुणे
- बॅटरीत फक्त डिस्टिल्ड वॉटर
- आळ्यात उसाचं पाचट

एवढं करूनही पाणी चुकलंच, तर एकदम सोडू नका. पहिल्या दिवशी निम्मं, दुसऱ्या दिवशी पाऊण, तिसऱ्यापासून पूर्ण.