बॅकअप परत टाकण्याआधी ऑफिसच्या कॉम्प्युटरची सेटिंग्ज कशी ठरवावीत

नवा किंवा फॉरमॅट केलेला कॉम्प्युटर समोर आला की बॅकअपची डिस्क लावून सगळं कॉपी करून टाकावंसं वाटतं. थोडं थांबा. फाइल्स परत येतीलही, पण हिशेबाचं सॉफ्टवेअर त्या जुन्याच पत्त्यावर (म्हणजे जुन्या ड्राइव्ह-फोल्डरात) शोधत बसतं आणि दोष मात्र बॅकअपला मिळतो.

आधी जुन्या मशीनची नोंद कागदावर उतरवा: कॉम्प्युटरचं आणि युजरचं नाव, कोणत्या ड्राइव्हवर काय, शेअर केलेले फोल्डर, ठरवून दिलेला आयपी (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा क्रमांक), प्रिंटर, सॉफ्टवेअरची व्हर्जन आणि लायसन्स. डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) असेल तर 48 अंकी रिकव्हरी कीसुद्धा हाताशी हवी. मशीन बंदच पडलं असेल, तर बॅकअपमधले शॉर्टकट आणि एक्सेलच्या लिंक उघडून पाहा. जुने पत्ते त्यांत सापडतात.

मग युजर. विंडोजमध्ये पहिलं खातं मायक्रोसॉफ्टच्या ईमेलने उघडलं, तर युजर फोल्डरला सहसा त्या ईमेलची पहिली पाच अक्षरं मिळतात. नंतर खात्याचं नाव बदललं तरी फोल्डर तसाच राहतो. म्हणून जुन्याच नावाचं लोकल खातं (ईमेलशी न जोडलेलं, फक्त त्या कॉम्प्युटरपुरतं) तयार करून त्यातून लॉगिन करा. नाव तेच असलं तरी विंडोजच्या लेखी हा युजर नवा असतो, त्यामुळे काही फोल्डरांच्या परवानग्या पुन्हा द्याव्या लागतील.

सगळ्यात जास्त घोळ ड्राइव्हच्या अक्षराचा होतो. बॅकअपची डिस्क आधी जोडली की ती 'डी' बळकावते आणि मागाहून केलेल्या डेटाच्या पार्टिशनला (डिस्कच्या वेगळ्या भागाला) 'ई' मिळतं. पार्टिशन आधी करा, विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्याला जुनं अक्षर द्या आणि मगच बाहेरची डिस्क जोडा.

तारखेचा फॉरमॅट आणि टाइम झोनही आत्ताच जुळवा. नाहीतर इम्पोर्ट करताना 03/04 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च, हे कॉम्प्युटर आपल्या मनाने ठरवतो, आणि तेही एररशिवाय.

सॉफ्टवेअर त्याच व्हर्जनचं घाला, अपग्रेड नंतर. उदाहरणार्थ, एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या नव्या व्हर्जनवर घेतलेला बॅकअप जुन्या व्हर्जनवर चढतच नाही.

आता एक काम, जे बहुतेक जण विसरतात: ठरलेल्या वेळी आपोआप होणारा बॅकअप आणि क्लाउड सिंक, दोन्ही बंद ठेवा. रिकाम्या मशीनचा 'बॅकअप' रात्री चांगल्या बॅकअपवर चढला, तर परत आणायला काही उरत नाही. शक्य असेल तर मूळ बॅकअपची एक प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती बाजूला ठेवा.

एवढं झालं की आधी एकच फोल्डर परत आणा. सॉफ्टवेअरमधून तो उघडा, शेवटच्या दिवसाची नोंद दिसते का ते बघा, एक प्रिंट काढा, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून शेअर उघडून पाहा. सगळं जमलं तर बाकीचा डेटा टाका. आपोआप होणारा बॅकअप पुन्हा सुरू करताना मात्र त्याला नवा फोल्डर द्या. जुना निदान महिनाभर तसाच राहू द्या.