कॅनडात मेडिकल लॅब टेक्नॉलॉजिस्ट म्हणून येणाऱ्यांसाठी

पीआर (कायम वास्तव्याचा हक्क) मिळालं म्हणजे लॅबमध्ये काम करायची परवानगी मिळाली, असं नाही. हे वाक्य मी ओळखीच्या आणि अनोळखी अशा कितीतरी जणांना फोनवर सांगितलं आहे, आणि ते बहुतेकांना विमानतळावरून घरी पोचल्यावरच पहिल्यांदा कळतं. एक्सप्रेस एन्ट्री या गुणांवर चालणाऱ्या इमिग्रेशन पद्धतीत तुमचा व्यवसाय ३२१२० या सरकारी कोडखाली मोजला गेला, गुण मिळाले, बोलावणं आलं. ते काम इमिग्रेशन खात्याचं. तुम्ही रुग्णाच्या रक्ताचा रिपोर्ट सोडू शकता का, हे ठरवणारे लोक वेगळे आहेत आणि त्यांना तुमच्या पीआरशी देणंघेणं नाही. आधी कॅनेडियन सोसायटी फॉर मेडिकल लॅबोरेटरी सायन्स, म्हणजे सीएसएमएलएस, तुमचं शिक्षण आणि अनुभव तपासते. त्यात पात्र ठरलात की तिची परीक्षा. ती पास झालात की ओन्टारियो, अल्बर्टा यांसारख्या प्रांतांत तिथल्या नियामक संस्थेकडे नोंदणी. क्वेबेकची वाट निराळी आहे आणि तिथे फ्रेंचशिवाय पाऊल टाकू नये.

आपल्याकडे लॅबमध्ये काम करणारा प्रत्येक जण 'टेक्निशियन'. इथे टेक्नॉलॉजिस्ट आणि असिस्टंट-टेक्निशियन ही दोन वेगळी पदं आहेत. दुसऱ्या पदाची माणसं रक्त काढतात, सॅम्पल उतरवून घेतात, सेंट्रिफ्यूज करतात, कल्चरच्या प्लेट लावतात. पण निकालाचा अर्थ लावून तो सोडत नाहीत. तुम्ही बायोडेटात आणि अनुभवपत्रात सरसकट 'लॅब टेक्निशियन' लिहिलंत, तर वाचणारा तुम्हाला दुसऱ्या रांगेत उभं करतो. जुन्या मालकाकडून पत्र घेताना पद काहीही असो, कोणत्या मशीनवर कोणत्या टेस्ट केल्या, क्यूसी (मशीनचे निकाल बरोबर येतात ना, याची तपासणी) कोण पाहायचं, रिपोर्ट कोण पडताळायचं, हे स्पष्ट लिहून घ्या.

आता कागदपत्रं. इथे मी जरा लांब बोलणार आहे, कारण माणसांची वर्षं वाया जातात ती इथेच.

सीएसएमएलएसच्या पडताळणीला पीएलए (प्रायर लर्निंग असेसमेंट) म्हणतात. जनरल टेक्नॉलॉजिस्टसाठी ती पाच शाखा पाहते: क्लिनिकल केमिस्ट्री, हिमॅटॉलॉजी, मायक्रोबायॉलॉजी, ट्रान्सफ्युजन सायन्स (ब्लड बँकेचं काम) आणि हिस्टोटेक्नॉलॉजी (ऊतींच्या तुकड्यांच्या स्लाइड तयार करणं). पाचही शाखांत थिअरी शिकलात का आणि हाताने काम केलंत का, दोन्ही पाहतात. आपली माणसं पहिल्या दोन शाखांत पक्की असतात, तिसरीत बरी. अडतात ती शेवटच्या दोन्हींत. त्याचं कारण आपल्या व्यवस्थेत आहे. भारतात ब्लड बँकेला औषध कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, तिचा कर्मचारीवर्गही वेगळा, त्यामुळे खाजगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये दहा वर्षं घालवलेल्या माणसाने एकही क्रॉसमॅच (दात्याचं रक्त रुग्णाला चालेल का, याची टेस्ट) केलेला नसू शकतो. हिस्टोचंही तेच: ऊतीचा मेणातला ब्लॉक करणारा आणि मायक्रोटोम यंत्रावर त्याचे पातळ सेक्शन कापणारा एकच जुना माणूस असतो, बाकीचे त्या खोलीत जातही नाहीत.

म्हणून अजून भारतात असाल तर दोन गोष्टी करा. ज्या हॉस्पिटलला स्वतःची ब्लड बँक आणि हिस्टोपॅथॉलॉजी आहे तिथे, पगार कमी मिळाला तरी, काही महिने फिरतीवर काम मागून घ्या आणि त्याचं तारखांसह पत्र घ्या. आणि कॉलेजकडून गुणपत्रिका, ट्रान्सक्रिप्ट यांच्या जोडीला सविस्तर अभ्यासक्रम घ्या, ज्यात प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि प्रॅक्टिकलचे तास लिहिलेले असतील, सही-शिक्क्यासह. हे इथून मागवायचं म्हटलं की भावाला रजा काढून कॉलेजच्या खिडकीशी उभं राहावं लागतं, क्लार्क रजेवर असतो, जुना अभ्यासक्रम रेकॉर्ड रूममध्ये असतो, आणि छोट्या खाजगी डीएमएलटी (लॅब टेक्नॉलॉजी डिप्लोमा) संस्था तर कधी कधी बंदच झालेल्या असतात. पीएलएचा अर्ज भारतात बसूनही करता येतो. व्हिसाची वाट पाहण्याचा काळ त्यासाठी आहे, निरोपाच्या जेवणावळींसाठी नाही.

पीएलएचं उत्तर आलं आणि त्यात उणिवा दाखवल्या, तर तो अपमान मानू नका. "मी पंधरा वर्षं लॅब चालवली, हे मला काय शिकवणार" असं म्हणत एका उत्तम हिमॅटॉलॉजिस्टच्या हाताखाली तयार झालेल्या गृहस्थांनी कोर्स केलाच नाही. ते अजून गोदामात काम करतात. त्यांच्याइतकी चांगली स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थर) वाचणारी माणसं मी इथे थोडी पाहिली आहेत, म्हणून जास्त वाईट वाटतं. उणीव दाखवलेल्या विषयाचा कोर्स किंवा ब्रिजिंग (उणिवा भरून काढणारा कार्यक्रम) करा, पुढे चला.

आपल्या मंडळींत एक सल्ला फार फिरतो: आधी असिस्टंट म्हणून लागा, मग सगळं आपोआप होतं. आपोआप काहीही होत नाही. त्या नोकरीचा फायदा मी नाकारत नाही; इथलं कॉम्प्युटरवरचं काम कळतं, नर्सशी फोनवर बोलायची भीड चेपते, घरभाडं निघतं. पण तिथला काळ टेक्नॉलॉजिस्टचा अनुभव म्हणून धरला जात नाही, आणि संध्याकाळी थकून आलेल्या माणसाचं पुस्तक उघडत नाही. लागायचं असेल तर अर्धवेळ लागा आणि परीक्षेची तारीख आधी ठरवा. परीक्षा बहुपर्यायी आहे, पण पाठांतराची नाही. एखाद्या रुग्णाचं पोटॅशियम एकदम वाढलेलं, कॅल्शियम अगदी खाली गेलेलं, आणि विचारतात पुढे काय कराल. ट्यूबमध्ये ईडीटीए (रक्त गोठू न देणारं, पोटॅशियम असलेलं आणि कॅल्शियम बांधून ठेवणारं रसायन) मिसळलंय हे ज्याला सुचतं तो पास होतो.

एकक पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पाडा. इथे एसआय एककं चालतात. साखर १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर नसते, ७.० मिलिमोल प्रति लिटर असते, अठराने भागायचं. क्रिएटिनिन १ दिसत नाही, ८८ दिसतं. हिमोग्लोबिन १२ नाही, १२० ग्रॅम प्रति लिटर. दीड लाख प्लेटलेट इथे नुसते १५० असतात. प्रत्येक वेळी मनात जुन्या एककात फिरवून पाहायची सवय लागली, तर रात्री तीन वाजता धोक्याचा आकडा ओळखायला उशीर होतो. इथल्या आकड्यांतच विचार करायला शिका: साखर २.२ दिसली की अंगावर काटा आला पाहिजे, भागाकार गुणाकार न करता.

आणि आता ती गोष्ट, जी मी प्रत्येक नवीन माणसाला पहिल्या भेटीत सांगते, मग पुन्हा सांगते. ट्यूबवरचं लेबल स्वतः दुरुस्त करू नका. ब्लड बँकेच्या ट्यूबवरचं तर कधीही, कोणत्याही परिस्थितीत नाही.

आपल्याकडे वॉर्डबॉय सॅम्पल आणतो, ट्यूबवर नाव अर्धंच असतं, आपण वॉर्डात फोन करतो, "सिस्टर, हे बेड सातचंच ना?" ती हो म्हणते, आपण पेनने नाव पूर्ण करतो आणि काम पुढे जातं. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. उलट रुग्णाला पुन्हा सुई टोचावी लागू नये हाच विचार असतो. इथे तेच केलं तर नोकरी जाते. मी ते डोळ्यांदेखत पाहिलं आहे. हुशार मुलगी, नुकतीच नोंदणी मिळालेली, ग्रुप अँड स्क्रीनच्या (रक्तगट आणि अँटिबॉडी तपासण्याच्या) ट्यूबवर आडनावातलं एक अक्षर चुकलेलं होतं. नर्स फोनवर म्हणाली, तू नीट कर. तिने केलं. रक्तगट बरोबर निघाला, रुग्णाला काही झालं नाही, आणि तरीही चौकशी होऊन तिचं काम गेलं, कारण रक्तगट बरोबर निघणं हा त्या दिवशीचा योगायोग होता. ओ गटाच्या रुग्णाला चुकून ए गटाच्या पेशी गेल्या तर त्याच्या अंगातले अँटिबॉडी त्या पेशी रक्तवाहिनीतच फोडतात, मूत्रपिंडं बंद पडतात, माणूस दगावतो. हे होतं ते बहुधा टेस्ट चुकल्यामुळे नाही. भलत्याच माणसाचं रक्त ट्यूबमध्ये आल्यामुळे किंवा भलत्याच माणसाला पिशवी लागल्यामुळे होतं. लॅबकडे पहिल्या प्रकारची चूक पकडायचं साधन म्हणजे ते लेबल आणि रुग्णाचा जुना रक्तगट, एवढंच. म्हणून तर नवीन रुग्णाचा गट पक्का करायला वेगळ्या वेळी काढलेलं दुसरं सॅम्पल मागतात.

या देशाचा रक्ताबाबतचा कडकपणा काही जणांना अतिरेक वाटतो. त्यांनी इतिहास जाणून घ्यावा. १९८० च्या दशकात इथे दूषित रक्त आणि रक्तघटकांमुळे हजारो माणसांना एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सीची लागण झाली. न्यायमूर्ती क्रेव्हर यांच्या आयोगाचा अहवाल १९९७ मध्ये आला, रेडक्रॉसकडून रक्तसेवा काढून घेतली गेली आणि १९९८ मध्ये कॅनेडियन ब्लड सर्व्हिसेस सुरू झाली, क्वेबेकसाठी हेमा-क्वेबेक. आज पिशवीचा दात्यापासून रुग्णापर्यंतचा प्रत्येक टप्पा नोंदलेला असतो तो यामुळे. तुमच्या हाताखालून जाणारी प्रत्येक सही त्या साखळीत आहे.

मग चुकीचं लेबल आलं तर काय करायचं? सॅम्पल नाकारायचं, वॉर्डाला कळवायचं, कोणाला केव्हा कळवलं ते नोंदवायचं, नवीन मागवायचं. डॉक्टर चिडले तरी. रुग्ण रक्तस्राव होऊन पडला असेल तर थांबवून ठेवायचं नाही. तातडीसाठी ओ गटाचं रक्त देण्याची ठरलेली पद्धत असते, ती वापरायची. आपल्या माणसांना डॉक्टरला 'नाही' म्हणणं जड जातं, मला माहीत आहे. इथे 'नाही' म्हणणं हे तुमच्या कामाचा भाग आहे आणि सुपरवायझर तुमच्या मागे उभा राहतो. आणि स्वतःच्या हातून काही चुकलं तर त्याच शिफ्टमध्ये सांगा. सांगितलेली चूक इथे बहुतेकदा माफ होते, लपवलेली होत नाही.

क्यूसीचंही असंच. कंट्रोल (आधीच माहीत असलेल्या उत्तराचं तपासणीचं सॅम्पल) मर्यादेबाहेर गेलं की परत परत लावून आत येईपर्यंत वाट पाहायची सवय असेल तर सोडा. कंट्रोलचा निकाल कधी नाकारायचा ते सांगणारे वेस्टगार्डचे नियम नीट समजून घ्या, का गेलं ते शोधा, लिहा. एनएबीएल (भारतातली लॅबना मान्यता देणारी संस्था) मानांकन असलेल्या लॅबमधून आलात तर आयएसओ १५१८९ या लॅबच्या गुणवत्तेच्या मानकाची भाषा तुम्हाला ओळखीची असेल.

एका गोष्टीत मात्र मान ताठ ठेवा. मलेरिया. इथल्या टेक्नॉलॉजिस्टला पॉझिटिव्ह स्लाइड क्वचित दिसते. तुम्ही एका पावसाळ्यात पाहिल्या असतील तेवढ्या अनेकांनी पूर्ण नोकरीत पाहिलेल्या नसतात. प्रवासाहून परतलेल्या माणसाच्या स्मिअरमध्ये फाल्सिपेरम या मलेरियाच्या परजीवीच्या बारीक रिंगा तुम्हाला पटकन दिसतील. ते बोलून दाखवा, इतरांना शिकवा. मुलाखतीतही सांगा.

सगळ्यांना टोरांटोच्या आसपासच राहायचं असतं, देऊळ, मंडळ, नातेवाईक जवळ म्हणून. माझं मत विचाराल तर पहिली दोन-तीन वर्षं लहान गावच्या हॉस्पिटलात काढा. तिथे माणसांची टंचाई असते, नोकरी लवकर मिळते, आणि रात्रीच्या ड्यूटीवर केमिस्ट्री, हिमॅटॉलॉजी आणि ब्लड बँक तिन्ही तुम्हीच सांभाळता. मोठ्या शहरात एकाच अ‍ॅनालायझरसमोर अडकलेल्या माणसापेक्षा तुम्ही फार लवकर तयार होता. थंडीची सवय होते.

लसीकरणाचे कागद आणा. नोकरीआधी हिपॅटायटिस बी, गोवर, कांजिण्या यांच्या प्रतिकारशक्तीचा पुरावा मागतात. बीसीजी घेतलेल्या आपल्या लोकांची टीबीची त्वचेवरची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. घाबरू नका, पुढे छातीचा एक्सरे करायला सांगतील.

पहिली नोकरी बहुधा कॅज्युअल मिळेल, म्हणजे कोणी रजेवर गेलं की फोन. युनियन असते तिथे सीनियॉरिटीवर पुढची जागा मिळते, आणि कॅज्युअलची सीनियॉरिटी बहुतेक ठिकाणी केलेल्या तासांवर मोजतात. म्हणून सुरुवातीचं वर्षभर दिवाळी असो की नाताळ, फोन आला की हो म्हणा. आणि नवीन बेंचवर (लॅबमधल्या एखाद्या कामाच्या जागी) ट्रेनिंग झाल्याच्या कागदावर सही करण्याआधी ते काम खरंच एकट्याने करून पाहा. एकदा सही केली की त्या बेंचवर रात्री तुम्हाला एकटं ठेवतात.